खाणीच्या तोंडावरून जाणारा वारा

गोव्यातल्या डिचोलीत खाणींच्या धुळीवरून वाद पेटला की तो ठरावीक तीन गोष्टींभोवती फिरतो: ट्रक किती धावतात, रस्त्यावर पाणी मारतात की नाही आणि मालावर ताडपत्री नीट बांधतात का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण धूळ जिथे पहिल्यांदा उडते त्या खाणीच्या खड्ड्याबद्दल दोन्ही बाजू आपापली समजूत धरून बसलेल्या असतात. खाणीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, खड्डा खोल आहे, आतली धूळ आतच बसते. विरोधक म्हणतात, एवढे मोठे तोंड उघडे टाकल्यावर सगळी धूळ गावावर येणारच. या दोन्ही समजुती तपासून पाहता येतात. तपासल्यावर दोन्ही ठरावीक आकाराच्या खड्ड्यात, ठरावीक आकाराच्या कणासाठी आणि ठरावीक वाऱ्यातच खऱ्या ठरतात. खड्ड्यावरून जाणारा वारा आत किती उतरतो, कुठे वळतो आणि काय घेऊन बाहेर पडतो, हे खोलीच्या नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. खोली आणि रुंदी यांचे प्रमाण पाहावे लागते. ते प्रमाण धरून वाऱ्याचे गणित संगणकावर सोडवणे आज अवघड राहिलेले नाही. डिचोलीच्या खाणींसाठी ते सोडवायला हवे आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून लोकांपुढे ठेवायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

ही चर्चा आत्ताच का करायची, त्याला कारण आहे. गोव्यातून २०१०-११ च्या सुमारास वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर जात होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पुढे काही सुरू झाल्या, तर ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा शांत झाल्या. त्यानंतर लिलाव आले. डिचोलीचा पहिला ब्लॉक डिसेंबर २०२२ मध्ये वेदान्त कंपनीकडे गेला आणि २०२४ मध्ये तिथे काम सुरू झाले. मये, मुळगाव, शिरगाव, लामगाव ही गावे या पट्ट्यात किंवा त्याला खेटून आहेत. मधल्या वर्षांत बंद खड्डे पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्याने भरले. खाण चालवायची तर ते पाणी उपसावे लागते. लोकांना त्यात भूजल दिसते, विहिरी दिसतात, आणि ते बरोबरच आहे. पण वाऱ्याच्या दृष्टीने त्या खड्ड्याचा तळ म्हणजे पाण्याची पातळी. पाणी वीस मीटरने उतरले की वाऱ्यासाठी खड्डा वीस मीटरने खोल झाला. एकाच हंगामात त्याची जातकुळी बदलू शकते.

वारा आणि खड्डा यांचा अभ्यास खाणींसाठी सुरू झाला नाही. त्याचे मूळ विमानांत आहे, आणि त्यासाठी गोव्यातल्याच पेडण्याकडे पाहायला हरकत नाही. मोपाच्या सड्यावरच्या विमानतळावर पहिले प्रवासी विमान उतरले ते ५ जानेवारी २०२३ ला, हैदराबादहून आलेले इंडिगोचे. इंडिगोच्या ताफ्यात बहुतांश विमाने एअरबस ए-३२० च्या घराण्यातली. या घराण्याच्या जुन्या विमानांच्या पंखांखाली इंधनटाकीचा दाब सोडण्यासाठी गोल, उथळ भोके असतात. विमान उतरण्याच्या तयारीत हळू येते तेव्हा ही भोके शिट्टी वाजवतात, आणि ती जमिनीवर वेगळी ऐकू येते. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की जो सूर निघतो, त्याचाच हा भाऊबंद. लुफ्थान्साने २०१४ च्या फेब्रुवारीपासून या भोकांच्या पुढे धातूचा एक छोटासा भाग बसवायला सुरुवात केली. तो हवेत मुद्दाम भोवरे तयार करतो, भोकावरून जाणारा प्रवाह विस्कटतो आणि शिट्टी बंद पडते. तळहाताएवढ्या भागाने विमानाचा एक सूर नाहीसा होतो, यावरून खड्ड्याच्या काठावर काय घडते याला किती महत्त्व आहे ते कळावे.

काठावर घडते ते असे. सपाट पृष्ठभागाला चिकटून येणारा वारा खड्ड्याच्या पहिल्या कडेवर पृष्ठभाग सोडतो. वर वेगवान हवा, खाली जवळजवळ थांबलेली हवा, आणि दोन्हींच्या मध्ये एक पातळ, अस्थिर थर. त्या थरात भोवरे वळतात, पुढे सरकतात आणि समोरच्या कडेवर आदळतात. आदळल्यावर दाबाची लाट मागे येते आणि पहिल्या कडेवर पुढचा भोवरा सोडायला लावते. ब्रिटनमधील फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात जे. ई. रॉसिटर यांनी १९६४ मध्ये या चक्राचे सूत्र मांडले आणि ते अजून चालते. खाणीला मात्र शिट्टी वाजत नाही. सहाशे मीटर रुंद खड्ड्यावरून सेकंदाला तीन मीटर वेगाचा वारा गेला, तर या चक्राच्या एका फेरीला सहा-सात मिनिटे लागतात. कानाला ते काहीच नाही. शिवाय वाऱ्याच्या मूळच्या झोतांत हा ताल बऱ्याच अंशी बुडूनही जातो. तरी एवढे उरते की खड्ड्यातली हवा एकसारखी बाहेर येत नसून मिनिटांच्या अंतराने उसळ्या घेत येते. राष्ट्रीय मानकांत पीएम-१० ची, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीवर ठरलेली आहे, घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. या उसळ्या त्या सरासरीत दिसणारही नाहीत.

आता उथळ-खोलचा हिशेब. पायरीवरून खाली उतरणारा वारा पायरीच्या उंचीच्या साधारण सहा-सात पट अंतरावर पुन्हा जमिनीला टेकतो. प्रयोगशाळांत हे अनेकदा मोजले गेले आहे. म्हणजे पन्नास मीटर खोल खड्ड्यात वारा तळाला टेकायला तीन-साडेतीनशे मीटर लागतात, आणि पुढची भिंत चढायला आणखी थोडी जागा. खड्डा खोलीच्या दहा पटींहून बराच रुंद असेल, तर वारा खाली उतरतो, तळ झाडतो आणि वर चढतो. रुंदी खोलीच्या पाच-सहा पटच असेल, तर तो वरच्यावर निघून जातो आणि खाली एक मोठा भोवरा फिरत ठेवतो. अशा खड्ड्यात तळावरचा वारा उलटा असतो. वर काठावरचा झेंडा पूर्वेकडे फडकत असेल, तर तळाला उडालेली धूळ पश्चिमेच्या भिंतीकडे सरकते. तिथे यंत्र चालवणारा माणूस वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असे वाटणे साहजिक आहे. खरे तर सर्वांत जास्त धूळ त्याच्याच वाट्याला येते. पेडण्याच्या सड्यांवरच्या चिऱ्याच्या खाणी मात्र बहुतांशी पहिल्या जातीच्या: भिंती यंत्राने कापलेल्या, अगदी उभ्या, पण खोली काही मीटर आणि पसारा मोठा. तिथे वारा थेट तळ झाडत जातो. डिचोलीच्या मानाने त्या किरकोळ दिसतात, पण उथळ खड्ड्याचा वारा पाहायचा तर त्याहून स्वच्छ नमुना सापडणार नाही.

लोहखनिजाचे खड्डे मात्र सगळ्या बाजूंनी सारखे नसतात, आणि इथेच गोष्ट रंजक होते. गोव्याचे लोहखनिज ज्या थरांत आहे, त्यांना भूवैज्ञानिकांनी डिचोलीचेच नाव दिले आहे. हे थर साधारण वायव्य-आग्नेय दिशेने पसरलेले, त्यामुळे खड्डेही त्याच दिशेने लांबट खणले जातात. उदाहरणादाखल तीनशे मीटर रुंद, बाराशे मीटर लांब आणि साठ मीटर खोल असा खड्डा घेऊ. आडव्या वाऱ्याला तो खोलीच्या पाच पट रुंद, म्हणजे खोल जातीचा; लांबीच्या दिशेने येणाऱ्या वाऱ्याला वीस पट, म्हणजे उथळ. गोव्यात हिवाळ्याच्या पहाटे वारा जमिनीकडून, पूर्वेच्या अंगाने येतो आणि दुपारी समुद्राकडून, उन्हाळ्यात बव्हंशी वायव्येचा. म्हणजे एकच खड्डा सकाळी धूळ आत फिरवत ठेवणारा आणि दुपारी तळ झाडून ती बाहेर काढणारा असू शकतो. हा माझा आकृतीवरून काढलेला तर्क आहे, आणि संगणकावरचे गणित नेमके अशा तर्काची परीक्षा घेण्यासाठी असते. खाणीच्या बाजूचा माणूस सकाळी पाहून जे सांगतो आणि गावकरी दुपारी पाहून जे सांगतो, ते दोन्ही डोळ्यांदेखतचे असू शकते.

खाणीचे खड्डे लांबट, तरी वायुबोगद्यांत गोल खड्ड्याचाही, म्हणजे उथळ दंडगोल पोकळीचाही, अभ्यास झाला आहे. तो इथे कशाला? कारण गोल खड्ड्याला दिशा नसते. वारा कुठूनही आला तरी आकृती तीच. खोली आणि व्यास यांचे प्रमाण या एकाच आकड्याचा परिणाम त्यातून निखळ समोर येतो. आणि त्यातून जे निघाले ते कुणाच्या अपेक्षेत नव्हते. जपानमध्ये हिवादा आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये, आणि कॅनडाच्या वेस्टर्न ओंटारियो विद्यापीठात डायबेन्को आणि सॅव्हरी यांनी २००८ मध्ये गोल पोकळ्यांवरचे वायुबोगद्यातले प्रयोग प्रसिद्ध केले. खोली व्यासाच्या अर्ध्याच्या आसपास आली की पोकळी पूर्ण सममित, वाराही सरळ, तरी आतला प्रवाह एका बाजूला कलतो. डावीकडे किंवा उजवीकडे, पण मधोमध राहत नाही. खोली व्यासाच्या पाचव्या भागाएवढी असली तर असे ठाम कलणे दिसत नाही. आता कल्पना करा, एखादा अभियंता वेळ वाचवायला म्हणतो: खड्डा सममित आहे, वारा सरळ आहे, तर अर्धाच खड्डा सोडवू आणि उरलेला आरशासारखा जोडू. असे नेहमी करतात. गणित निम्म्या वेळात सुटते, चित्र देखणे येते, आणि उत्तर चुकीचे असते, कारण कलण्याची शक्यताच त्याने आधी कापून टाकलेली असते. संगणक कुरकुर करत नाही. वायुबोगद्यातला प्रयोग माहीत नसेल, तर ही चूक कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

हे गणित म्हणजे तरी काय? हवा कशी वाहते याची समीकरणे नाविए आणि स्टोक्स यांच्या नावांनी एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. ती हाताने सुटत नाहीत, म्हणून खड्डा आणि त्यावरचे आकाश लहान लहान घनांत तोडायचे, प्रत्येक घनात वेग आणि दाब धरायचे आणि शेजारच्या घनांशी देवाणघेवाण सेकंदाच्या अंशाअंशाने पुढे नेत राहायचे. अडचण भोवऱ्यांची. मोठा भोवरा खड्ड्याएवढा, सर्वांत लहान मिलिमीटरचा. सहाशे मीटरच्या खड्ड्यात सगळे भोवरे धरायचे तर घनांची संख्या एकावर अठरा शून्ये इतकी होते. ते जगातल्या कुठल्याही यंत्राला झेपणारे नाही. म्हणून तडजोड करावी लागते. एक मार्ग सगळ्या भोवऱ्यांची सरासरी धरण्याचा: स्वस्त, कार्यालयातल्या संगणकावर होणारा, पण उसळ्या आणि कलणे यांत कच्चा. दुसरा मार्ग मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवून फक्त लहानांचा अंदाज करण्याचा: महाग, पण खड्ड्यांसाठी जास्त भरवशाचा. कोणता मार्ग घेतला हे अहवालात लिहिलेले नसेल, तर त्यातल्या रंगीत चित्रांना फारसा अर्थ नाही.

आज आपल्याकडच्या पर्यावरण अहवालांत यातले काहीच होत नाही असेही नाही. धूळ किती दूर जाईल हे काढायला एअरमॉड नावाचे अमेरिकी सॉफ्टवेअर सर्रास वापरले जाते, आणि त्यात उघड्या खाणीसाठी एक स्वतंत्र सोय आहे. ती अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वायुबोगद्यातल्या प्रयोगांवर आधारलेली आहे. त्या प्रयोगांत दिसले की खड्ड्यातली धूळ वाऱ्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडायला बघते; उलट्या भोवऱ्याचे हे थेट फळ. पण सॉफ्टवेअर खड्डा आयताकृती धरते. आणि किती धूळ बाहेर पडेल याला एक साधे सूत्र आहे: कण खाली बसण्याचा वेग एका पारड्यात, वाऱ्याच्या वेगाचे सुमारे ३ टक्के दुसऱ्या पारड्यात. त्या सूत्रात आकडे घालून पाहू. पीएम-१० मधला सर्वांत मोठा कण सेकंदाला ०.३ सेंटिमीटर वेगाने खाली येतो. सेकंदाला तीन मीटरच्या वाऱ्यात त्यातले शंभरांतले ९७ भाग बाहेर पडतात. वारा एक मीटरवर आला तरी ९० भाग. उलट, बारीक वाळूएवढा शंभर मायक्रॉनचा कण घेतला तर जेमतेम पाव हिस्सा बाहेर येतो. खोल खड्डा धूळ आत ठेवतो हे डोळ्यांना दिसते, कारण डोळ्यांना दिसणारी धूळ जाडी असते. फुफ्फुसात जाणारी बारीक धूळ खड्ड्यात राहत नाही. लोहखनिज जड असते, त्यामुळे त्याचा पाच मायक्रॉनचा कण दहा मायक्रॉनच्या हलक्या कणाइतक्याच वेगाने पडतो, एवढाच काय तो फरक. ज्या सूत्रावर अहवाल उभे राहतात, त्याच सूत्राने खाणीवाल्यांची लाडकी समजूत मोडते, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

पण हे सूत्रही अर्धवट आहे, कारण त्यात ऊन नाही आणि गारवा नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड, जड हवा उतारांवरून खड्ड्यात जमते आणि वरच्या उबदार हवेखाली झाकल्यासारखी पडून राहते. वारा वरून निघून जातो, खालची हवा हलत नाही, आणि पहिल्या पाळीची सगळी धूळ तिथेच साठते. सूर्य वर आला, भिंती तापल्या की ती एकदम उचलली जाते. चिलीतली चुकिकामाताची तांब्याची खाण जवळपास एक किलोमीटर खोल आहे. तिथे प्रखर उन्हात आतली हवा कशी वर चढते, याचे गणित चिली विद्यापीठातल्या संशोधकांनी मोफत मिळणाऱ्या ओपनफोम या प्रणालीवर सोडवले. डिचोलीत ऊन तसे वाळवंटी नाही आणि खड्डे तेवढे खोल नाहीत, म्हणून चिलीचे उत्तर इथे उचलून आणता येत नाही. पद्धत आणता येते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार: गावातली बहुतेक धूळ रस्त्यावरची, ट्रकांनी दळलेली, खड्ड्याचे गणित करून ती कमी होत नाही. मान्य. ताडपत्री आणि टँकर यांना पर्याय म्हणून हे गणित कुणी पुढे केले, तर ते हाणून पाडावे. पण खड्ड्यात उतरणारा रस्ताही रस्ताच आहे. भरलेला ट्रक तळापासून वर चढताना जी धूळ उडवतो ती खड्ड्याच्या हवेतच मिसळते, आणि पाणी कोणत्या वेळी व कोणत्या भिंतीच्या रस्त्यावर आधी मारायचे, हे वाऱ्याच्या उलट्या फेऱ्यावरून ठरवता येते. दुसरा आक्षेप असा की खऱ्या खड्ड्याला पायऱ्या असतात, शेजारी मातीचे डंप असतात, डोंगर असतो. दंडगोलाचा काय उपयोग? उपयोग पहिल्या पायरीचा. गोल पोकळीत ज्या पद्धतीला वायुबोगद्यातले कलणे दाखवता येत नाही, तिच्यावर मयेच्या डोंगरातल्या वेड्यावाकड्या खड्ड्यासाठी विश्वास का ठेवावा? आधी तिला सोप्या परीक्षेत पास होऊ द्या, मग ड्रोनने केलेल्या मोजणीवरून खऱ्या खड्ड्याचा आकार घाला. डंपांचे म्हणाल, तर वाऱ्याच्या वाटेत काठावर उभा असलेला डंप खड्ड्याची खोली वाढवल्यासारखेच काम करतो, आणि ते दंडगोलाच्या अभ्यासातूनच समजते.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो: पैसे देणाऱ्याला हवे ते चित्र संगणक काढून देईल. गोव्यात पर्यावरण अहवालांवरचा अविश्वास काही हवेतून आलेला नाही. त्याला माझे उत्तर असे की गणित लपवता येते तसे ते उघडेही ठेवता येते, आणि डोळ्यांनी केलेल्या अंदाजाला ही दुसरी सोय नाही. ओपनफोमसारख्या प्रणालीत सोडवलेल्या गणिताची सगळी कागदपत्रे फायलींच्या रूपात असतात. त्या जाहीर केल्या तर फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले किंवा गोवा आयआयटीतले विद्यार्थी तेच गणित पुन्हा सोडवून पाहू शकतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने या प्रणालीचे शिक्षण देशभर मोफत पोचवले आहे, तेव्हा खर्चाची सबबही फार टिकत नाही. अट दोन गोष्टींची घालावी. घन निम्मे लहान केले तरी उत्तर तेच येते हे दाखवावे, आणि मोजमाप हाती येण्याआधी गणिताचे उत्तर लिहून बंद करून ठेवावे. मागाहून आकडे जुळवून घेतलेले गणित हे गणित नव्हे.

मोजमापही फार अवजड नाही. एका चालू खड्ड्यावर वाऱ्याचे तीन खांब पुरतात: एक पश्चिमेच्या काठावर, एक पूर्वेच्या आणि एक तळाला, तिन्हींना तापमापक जोडलेले, आणि सोबत दर मिनिटाची नोंद ठेवणारी धूळमापके. तळाच्या खांबावर पहाटेच्या पूर्वेच्या वाऱ्यात उलटा वारा दिसला आणि दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात सरळ, तर वर मांडलेला तर्क टिकला. दोन्ही वेळा सरळच दिसला, तर तो सोडून द्यावा. पाण्याची पातळी रोज नोंदवावी, कारण उपसा चालू असताना तीच खड्ड्याची खोली आहे. पाऊस ओसरल्यावर नोव्हेंबरात खांब उभे केले, तर मेअखेर दोन्ही वाऱ्यांचे आणि थंड पहाटांचे आकडे हाती येतात. बंद ठेवलेले उत्तर मग पुढच्या जनसुनावणीत, मये आणि शिरगावच्या लोकांसमोर, उघडता येईल.